जुहूची धावपट्टी राखली पाहिजे

विलेपार्ल्याच्या पश्चिमेकडून जुहूच्या किनाऱ्याकडे जाऊ लागले म्हणजे इमारतींची दाटी एकाएकी विरळ होते, एक लांबलचक भिंत सोबतीला येते, आणि त्या भिंतीपलीकडे, मुंबईत अन्यत्र क्वचितच दृष्टीस पडावे असे, गवताळ मोकळे मैदान पसरलेले दिसते. त्या मैदानातून एखादे हेलिकॉप्टर आसपासचे गवत लववीत वर उठते, क्षणभर अधांतरी स्थिरावते आणि समुद्राकडे तोंड करून निघून जाते. त्या रस्त्याने नित्य ये-जा करणाऱ्या हजारो माणसांपैकी पुष्कळांना ते हेलिकॉप्टर कोठे निघाले आहे, त्यात कोण बसले आहे आणि ज्या भूमीवरून ते उठले ती भूमी कोणती, याची कल्पना नसते. वस्तुतः हिंदुस्थानातील मुलकी विमानवाहतुकीचा आद्य तळ म्हणून ज्या स्थानाचा उल्लेख इतिहासात होतो, ते स्थान हेच होय.

जुहूविषयी आज लिहावेसे वाटण्यास कारण घडले आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, आणि कित्येक दशके कागदोपत्री राहिलेला दुसरा मोठा विमानतळ या महानगराला एकदाचा लाभला. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु मोठ्या गोष्टी साध्य झाल्या म्हणजे लहान गोष्टी निरुपयोगी ठरल्या, असा समज करून घेण्याची आपल्या नगररचनेला जुनी खोड आहे. आणि ज्या शहरात जमिनीच्या एकेका हातासाठी मसलती आणि मुकदमे चालतात, त्या शहरातील मोक्याच्या जागेवरील एवढे विस्तीर्ण मैदान पुढील पंचवीस वर्षे कोणाच्या नजरेतून सुटेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. म्हणून आधीच सांगून ठेवावेसे वाटते की, दोन मोठे विमानतळ झाल्याने जुहूची गरज संपलेली नाही. उलट, दोन मोठ्या विमानतळांच्या शहराला तिसऱ्या, लहान आणि साहाय्यकारी तळाची गरज अधिकच आहे, आणि तो तळ नव्याने कोठे शोधावयास जाण्याची आवश्यकता नाही.

जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. त्याच वर्षी मुंबई फ्लाइंग क्लबची स्थापना झाली, आणि समुद्राच्या सान्निध्यातील या सखल, चिखलवट भूमीवर हौशी वैमानिकांची उड्डाणे सुरू झाली. या क्लबात शिकलेल्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटा नावाच्या तरुणाला १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला, आणि त्या परवान्यावरचा क्रमांक होता १. त्याच सुमारास नेव्हिल विंटसेंट नावाचा, ब्रिटिश हवाई दलात नोकरी केलेला वैमानिक टाटांच्या पेढीकडे एक योजना घेऊन आला. इंपीरियल एअरवेजची विमाने विलायतेची टपाल कराचीपर्यंत आणीत, परंतु कराचीहून पुढे दक्षिणेकडे ती रेल्वेच्या गतीनेच जाई. तेव्हा कराचीपासून मुंबईमार्गे मद्रासपर्यंत विमानाने टपाल न्यावी, अशी ती योजना होती. सर दोराबजी टाटांनी दोन लाख रुपयांच्या भांडवलाला संमती दिली. सरकारकडे अर्थसाहाय्यासाठी केलेली दरखास्त मात्र वर्षानुवर्षे दप्तरात पडून राहिली, आणि अखेरीस कोणत्याही अनुदानाची अपेक्षा न ठेवता सेवा चालविण्याची तयारी दाखविल्यावरच तिला मंजुरी मिळाली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीच्या ड्रिघ रोड तळावरून एका इंजिनाचे, डी हॅविलंड पुस मॉथ जातीचे इवलेसे विमान टपालाची ५५ पौंडांची थैली घेऊन निघाले. चालक स्वतः जे. आर. डी. टाटा होते. वाटेत अहमदाबादेस इंधन भरण्यासाठी विमान उतरले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. आणि विसाव्या शतकातील हवाई दळणवळणाचा आरंभ बैलांच्या खांद्यावरून व्हावा, यात मला या देशाच्या प्रवासाचे एक यथार्थ चित्र दिसते. त्या दुपारी ते विमान जुहूला उतरले. तेथून विंटसेंट यांनी टपाल पुढे नेली, बेल्लारीस रात्रीचा मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले. पहिल्या वर्षात या सेवेने १,६०,००० मैलांचे उड्डाण केले आणि अवघ्या १५५ प्रवाशांना नेले. ज्या संस्थेला पुढे एअर इंडिया हे नाव मिळाले, तिचे मूळ या दोन-चार विमानांत, मूठभर वैमानिकांत आणि मेकॅनिकांत, आणि जुहूच्या त्या मैदानात आहे.

त्या मैदानाचे वर्णन गौरवाने करतानाही त्याची उणीव झाकण्याचे कारण नाही. ही भूमी इतकी सखल की पावसाळ्यात भरतीच्या वेळी ती समुद्राच्या पातळीखाली जाई आणि विमानतळाचे तळे होई. टाटांच्या लोकांनी त्यावर उपाय काढला तो स्थलांतराचा. पावसाळा आला की आपली दोन विमाने, वैमानिक आणि मेकॅनिक घेऊन ते पुण्यास जात आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या एका शेतातून उड्डाणे करीत. पुणेकर वाचकांना हा तपशील मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण येरवड्याचे नाव त्या काळात सत्याग्रह आणि कारावास यांच्याशी जोडले गेले असता त्याच तुरुंगाच्या सान्निध्यात देशाची हवाई टपाल उड्डाण करीत होती, ही गोष्ट आपल्या स्मरणातून पार गेली आहे.

पावसाचे हे दुखणेच अखेर जुहूच्या मुळावर आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचा अधिक प्रशस्त तळ पूर्वेस काही अंतरावर सांताक्रूझ येथे होता. युद्ध संपल्यावर तो मुलकी खात्याकडे आला, आणि १९४८ च्या सुमारास नियमित प्रवासी विमाने जुहू सोडून सांताक्रूझला जाऊ लागली. तेव्हापासून जुहूच्या वाट्याला हौशी वैमानिक, लहान विमाने आणि पुढे हेलिकॉप्टरे एवढेच उरले.

तरीही एक गोष्ट अशी घडत गेली की जुहूचा विसर वैमानिकांना कधी पडला नाही. किंबहुना त्यांना जुहू नको तेव्हा आठवले. दोन्ही तळांच्या प्रमुख धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आणि जवळजवळ समांतर, दोहोंतील अंतर अगदी थोडे, आणि समुद्राकडून येणाऱ्याच्या दृष्टीस आधी पडणारी धावपट्टी जुहूची. १९५३ साली ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेजचे कॉमेट हे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले आणि काही दिवसांनी तेथूनच हलके करून बाहेर काढावे लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सचे डीसी-८ हे अवाढव्य विमान याच भ्रमाने जुहूच्या आखूड धावपट्टीवर टेकले, ती संपली तरी थांबले नाही आणि मोडून पडले. प्राणहानी झाली नाही, हे सुदैव. या घटना मी केवळ नवलाच्या म्हणून सांगत नाही. दोन तळ एकमेकांच्या इतके निकट असतील तर त्यांचे आकाश एकच असते, आणि त्या आकाशाची व्यवस्था एकाच विचाराने झाली नाही तर एकाचे साहाय्य दुसऱ्याला न होता उपद्रवच होतो, हा धडा या दोन अपघातांत आहे, आणि जुहूच्या भवितव्याचा विचार करणाऱ्याने तो प्रथम लक्षात घेतला पाहिजे.

अमेरिकेत ज्याला रिलीव्हर विमानतळ म्हणतात, त्याची कल्पना मुळात साधी आहे. मोठ्या विमानतळाच्या धावपट्टीवर दोनशे प्रवाशांचे विमान उतरण्यास जेवढा अवकाश लागतो, जवळजवळ तेवढाच चार माणसांच्या खासगी विमानालाही द्यावा लागतो. किंबहुना मोठ्या विमानाच्या मागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांपासून लहान विमानाला दूर ठेवावयाचे असल्याने अंतर अधिकच सोडावे लागते. मग शिकाऊ वैमानिक, खासगी विमाने, रुग्णवाहू विमाने आणि हेलिकॉप्टरे यांची सोय जवळच्याच दुसऱ्या तळावर केली, तर मोठ्या तळाचा भार हलका होतो आणि लहानांनाही ताटकळत राहावे लागत नाही. त्या देशाच्या विमानवाहतूक खात्याने असे सुमारे अडीचशे तळ अधिकृतपणे या वर्गात घातले आहेत. न्यूयॉर्कनजीकच्या न्यूजर्सी राज्यातील टेटरबरो हा त्यांतील प्रसिद्ध तळ. न्यूयॉर्कच्या बंदर प्राधिकरणाने तो १९४९ साली विकत घेतला. तेथे वेळापत्रकाची प्रवासी विमाने नाहीत आणि एक लाख पौंडांहून अधिक वजनाच्या विमानास मुभा नाही. या मर्यादा म्हणजे त्या तळाचे न्यून नव्हे. त्या मर्यादांमुळेच तो भोवतालच्या वस्तीत टिकून राहिला आहे आणि न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या विमानतळांना हातभार लावीत आहे.

मुंबईची निकड न्यूयॉर्कहून अधिक आहे. सांताक्रूझच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या, दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि एकाच धावपट्टीवर एवढी वाहतूक पेलणारा असा विमानतळ जगात विरळा. गर्दीच्या प्रहरी तेथे खासगी विमानांना मज्जाव करावा लागतो, यात नवल नाही. नवी मुंबईने हा भार कमी होईल. परंतु त्या विमानतळाचे पनवेलजवळच्या उलव्याचे ठिकाण उपनगरातल्या रुग्णालयाला किंवा पश्चिमेच्या समुद्रातील तेलविहिरींना जवळचे नाही, हे नकाशा पाहिला तरी उघड होते.

तेलविहिरींचा उल्लेख आला, आणि जुहूच्या आजच्या कार्याचे मर्म तेथेच आहे. मुंबई हाय हे तेलक्षेत्र १९७४ साली सापडले आणि १९७६ पासून तेथून उत्पादन होऊ लागले. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर, उघड्या समुद्रात उभारलेल्या पोलादी फलाटांवर माणसे एका वेळी चौदा दिवस काम करतात आणि मग चौदा दिवसांसाठी घरी परततात. त्यांची ही ये-जा मुख्यतः हेलिकॉप्टरांतून होते, आणि ती हेलिकॉप्टरे जुहूहून सुटतात. १९८५ साली केंद्र सरकारने पवन हंस ही संस्था स्थापिली ती प्रामुख्याने याच कामासाठी. भिंतीपलीकडून उठून समुद्राकडे जाणारे ते हेलिकॉप्टर म्हणजे बहुधा कामाची पाळी बदलण्यास निघालेली माणसे. त्यांच्या प्रवासात जोखीम किती असते, हे १३ जानेवारी २०१८ रोजी दिसले. त्या दिवशी जुहूहून निघालेले एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले आणि त्यातील सातही जण दगावले.

आणखी एक दिवस येथे आठवला पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे प्रत्येक मुंबईकराला ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी मुंबई हायच्या उत्तरेकडील फलाटावर काय घडले, हे तितके ठाऊक नाही. एका साहाय्यक जहाजावर स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या हाताला इजा झाली होती. वादळी हवेमुळे हेलिकॉप्टर मिळणे शक्य नव्हते, म्हणून त्याला उपचारासाठी फलाटावर चढविण्याकरिता जहाज उसळत्या समुद्रात फलाटाच्या जवळ आणले गेले. ते फलाटावर आदळले, वायू वाहणाऱ्या नळ्या फुटून आग लागली, आणि त्या आगीत फलाटच भस्मसात होऊन बावीस माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवशीच्या हवेत कोणताही तळ उपयोगी पडला असता, असे मी म्हणत नाही. परंतु हेलिकॉप्टर उडू न शकणे म्हणजे काय, याची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्या स्मरणार्थ तरी, जे काम जुहू करते ते दुय्यम, हौसेचे किंवा श्रीमंतांच्या सोयीचे आहे, असे कोणी समजू नये.

जुहूची आजची साधने माफक आहेत. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यातील या तळाची मुख्य धावपट्टी सुमारे १,१४३ मीटरांची. सांताक्रूझची मोठी धावपट्टी तिच्या तिपटीच्या जवळपास आहे, एवढे सांगितले म्हणजे फरक ध्यानात येईल. दुसरी, तिला तिरपी छेदणारी धावपट्टी याहूनही आखूड. उतरण्यासाठी यंत्रांचे साहाय्य नसल्याने येथील उड्डाणे दिवसाच्या उजेडात, वैमानिकाच्या दृष्टीच्या भरवशावर चालतात. हँगर आहेत, दुरुस्तीच्या शाळा आहेत, फ्लाइंग क्लबचे जुने ठाणे आहे. परंतु या आकाशात शिकाऊ विमानांना फिरण्यास जागा उरली नाही म्हणून क्लबाने आपले उड्डाण-शिक्षण धुळ्यास हलविले. तो निर्णय योग्य होता असेच मला वाटते. खानदेशाच्या मोकळ्या आभाळात शिकलेली मुले मुंबईच्या गर्दीत शिकलेल्यांहून कमी वैमानिक ठरणार नाहीत, आणि साहाय्यक तळाने सर्व कामे स्वतःच करावीत असा आग्रह कोणी धरू नये.

याच कारणाने, सुमारे पंधरा वर्षांपूर्वी पुढे आलेली, जुहूची धावपट्टी समुद्रात भर घालून लांबवावी ही कल्पना मला कधीच पटली नाही. तसे केल्यास किनारा आणि चौपाटी यांची खराबी होईल, जुहू-मोरागावच्या कोळ्यांच्या होड्यांच्या वाटा अडतील, आणि एवढे करून मिळेल काय, तर सांताक्रूझच्या पायाशी आणखी एक अर्धवट सांताक्रूझ. आणि १९५३ व १९७२ साली जो घोटाळा झाला त्याची संभाव्यता उलट वाढेल. जुहू लहान आहे म्हणूनच उपयोगी आहे. त्याला मोठा करण्याचा मोह आणि त्याला मोडून काढण्याचा मोह, या दोहोंच्या मुळाशी एकच अज्ञान आहे: विमानतळाची योग्यता त्याच्या लांबीवर मोजण्याचे.

भोवतालच्या रहिवाशांची तक्रार मात्र मनापासून ऐकली पाहिजे. उड्डाणमार्गाखाली राहणाऱ्यांना पंख्यांचा आवाज सोसावा लागतो. आणि विमानतळामुळे लागू होणाऱ्या उंचीच्या मर्यादांमुळे जुन्या, मोडकळीस आलेल्या इमारतींचा पुनर्विकास रखडतो, ही अडचण खरी आहे. ज्या निवृत्त माणसाचे छप्पर गळते त्याला विमानवाहतुकीचा इतिहास सांगून काय उपयोग? परंतु याचे उत्तर तळ बंद करणे हे नव्हे. हेलिकॉप्टरांचे मार्ग वस्तीवरून न नेता शक्य तितके सरळ समुद्राकडे वळविणे, आवाजाच्या वेळा ठरवून त्या पाळणे, आणि उंचीच्या नियमात ज्या इमारती अडकल्या आहेत त्यांना न वापरता आलेल्या बांधकामाच्या हक्काचा मोबदला अन्यत्र देण्याची निश्चित तजवीज करणे, ही कामे सरकारला करता येण्यासारखी आहेत. ती आजवर झाली नाहीत, याचा राग रहिवाशांनी धावपट्टीवर न काढता त्या नियमांच्या अंमलबजावणीवर काढावा.

मग करावे काय? पहिले, जुहूचे स्थान लेखी ठरवावे. मुंबईचा अधिकृत साहाय्यक विमानतळ म्हणून त्याची नोंद व्हावी, म्हणजे त्याच्या जमिनीविषयी दर काही वर्षांनी उठणाऱ्या वावड्यांना पायबंद बसेल आणि सुधारणांसाठी खर्चाची तरतूद होऊ शकेल. दुसरे, आणि माझ्या मते सर्वांत तातडीचे, पाण्याचा निचरा. ज्या दुखण्याने टाटांना येरवड्यास पळविले ते अजून पुरते बरे झालेले नाही, आणि भोवतालच्या नाल्यांचा प्रश्न सुटल्यावाचून ते बरे होणारही नाही. यासाठी महानगरपालिका आणि प्राधिकरण यांनी एका मेजावर बसले पाहिजे. तिसरे, रुग्णवाहू विमानांसाठी आणि हेलिकॉप्टरांसाठी एक राखीव जागा, तिच्यापासून रस्त्यापर्यंत अडथळा नसलेली वाट, आणि रात्रीच्या आणीबाणीतही वापरता येईल अशी प्रकाशव्यवस्था असावी. पश्चिम उपनगरांत मोठी रुग्णालये आहेत, आणि विदर्भातून किंवा कोकणातून येणाऱ्या रुग्णाचा विमानातून उतरल्यानंतरचा अर्धा तास सांताक्रूझच्या गर्दीत का जावा?

राहिला प्रश्न स्मृतीचा. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईपर्यंतचा तोच प्रवास एका जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केला आणि जुहूलाच उतरले. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोही पंडित या मुंबईच्या तरुण वैमानिकेने एका लहानशा हलक्या विमानातून भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत येऊन त्या उड्डाणाला वंदन केले. म्हणजे वैमानिक विसरलेले नाहीत. विसरलो आहोत आपण भिंतीबाहेरचे. एवढ्या इतिहासाच्या तळावर सामान्य नागरिकाला पाहता येईल असे एखादे दालन असावे. त्यात पुस मॉथची एक प्रतिकृती, टपालाची जुनी पाकिटे, मुंबई हायच्या कामगारांचा पोशाख, आणि भरतीच्या पाण्यात बुडालेल्या जुन्या मैदानाची छायाचित्रे असावीत. येथील दुरुस्तीच्या शाळांत शिकणारी मुले मार्गदर्शक म्हणून उभी राहिली तर उत्तमच. २०२८ साली या तळाला शंभर वर्षे पूर्ण होतील. तोपर्यंत एक खोली, एक फलक आणि शाळेच्या सहलींसाठी आठवड्यातून एक दिवस उघडणारे एक दार, एवढे झाले तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.